आकड्याकडचं टोक

१

दुपारी दोन वाजले की भटवाडीतल्या त्या चाळीची गॅलरी रिकामी व्हायची. पुरुष कामावर जायचे, म्हणजे ज्यांना काम होतं ते; बाकीचे नाक्यावर जाऊन कामावर असल्यासारखा चेहरा करून उभे राहायचे. बायका जरा आडव्या व्हायच्या. नळ सकाळीच येऊन गेलेला असल्यामुळे भांडायलाही काही उरलेलं नसायचं. रत्नप्रभेची दोरी वळायची वेळ हीच.

दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची नव्हे. ऐतिहासिक नाटकांतले सरदार अंगरख्याच्या कडांना जी जाड, सोनेरी, पिळाची दोरी लावून मिरवतात, ती. घाटकोपर स्टेशनजवळ नंदकिशोर नावाचा एक ड्रेपरीवाला होता. नाटकांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि गणपतीतल्या देखाव्यांना तो कपडे भाड्याने द्यायचा. त्याच्या गोदामात एकाच खिळ्यावर दोन राजे आणि एक बादशहा गुण्यागोविंदाने टांगलेले असत. तिघांच्याही छातीवर रत्नप्रभेचीच दोरी होती. इतिहासाशी तिचा संबंध एवढाच.

दोरी वळायची रीत सोपी, पण ती दोघांची. पिवळ्या रेशमाचे आणि नकली जरीचे बारा पदर चोवीस फूट लांब ताणायचे. एक टोक गॅलरीत, दुसरं आत मोरीपाशी. मधे बाहेरची खोली, मग पडदा, मग स्वयंपाकघर. टोकांना गिरणीतल्या जुन्या लाकडी कांड्या बांधायच्या आणि दोघांनी आपापल्या उजवीकडे फिरवत राहायचं. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांचं उजवं एकमेकांच्या उलट असतं, म्हणून दोघांचा पीळ एकात एक मिसळून वाढत जातो. पुरेसा पीळ बसला की मध्यावर वजन अडकवून दोन्ही टोकं एकत्र आणायची; दोन्ही अर्धुकं आपोआप एकमेकांना वेढून घेतात आणि दोरी तयार होते. एकाने चुकून डावीकडे फिरवलं, तर मात्र दुपारभर फिरवूनही दोरा होता तसाच राहतो. पहिल्या दिवशी रत्नप्रभेने नेमकं हेच केलं होतं. अर्ध्या तासाने पडद्याआडून सहदेवाचा आवाज आला होता, "काय गं, तू पीळ घालतेस की मी घातलेला काढतेस?"

सहदेव तिचा नवरा. एकोणीस वर्षं गिरणीच्या डबलिंग खात्यात सुताला सूत वळण्यात गेलेला माणूस. पिळात काय कमी-जास्त आहे ते त्याला न बघता बोटांनी कळायचं. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि तो संपला की नाही हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मग दोघं मिळून दोरी वळू लागली.

त्र्याऐंशीचा दसरा झाल्यावर एका सकाळी, "वांद्र्याला एकाने काम सांगितलंय, बघून येतो," असं म्हणून तो गेला. तो आला नाही.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "भांडण झालं होतं?"

"नाही."

"मग गेला कशाला?" हवालदार म्हणाला. भांडणाशिवाय माणूस घर सोडतो हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं.

रत्नप्रभेने मोरीच्या वर भिंतीत एक आकडा ठोकून घेतला आणि सहदेवाचं टोक त्याला अडकवलं. पूर्वी दोघांचे दीड-दीडशे वेढे व्हायचे. आता तिचे एकटीचे तीनशे. आकडा तंबाखू खात नव्हता, मधेच चहा मागत नव्हता. पीळही देत नव्हता.

२

आकड्यावर वळलेल्या दोरीत एक खोट राहते. चोवीस फुटांचा दोरा उंबऱ्याला घासतो, पडद्याच्या कडेला अडतो. त्यामुळे हाताकडे पीळ घट्ट बसतो आणि आकड्याकडे ढिला. दोन महिने नंदकिशोर दोरीचं ते ढिलं टोक कापून बाजूला ठेवत होता आणि काही बोलत नव्हता. तो सभ्य माणूस होता. धंद्यात हा दोष चालतो.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी त्याने नवी दोरी बोटांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली, परत उलटी ओढली आणि खुशीत म्हणाला, "झकास! वहिनी, पेढे कुठायत?"

"कसले?"

"सहदेवराव आले ना? ही दोन हातांची दोरी आहे. मला सांगता!"

"नाही आले," रत्नप्रभा म्हणाली.

नंदकिशोरने मान खाली घातली आणि कुठल्याशा सरदाराची बटणं मोजायला घेतली. "मग तुमचा हात बसला म्हणायचा," तो म्हणाला. "छान. छान बसलाय."

घरी येताना रत्नप्रभेला आठवलं की आदल्या दिवशी दोरा दीडशे वेढ्यांतच भरला होता. थोडी ढील देताच त्याने गाठोळी घातली होती, म्हणजे पीळ पुरा. मोजताना आपण कुठेतरी दीडशे गाळले, असं समजून ती थांबली होती. माणूस एक-दोन आकडे गाळू शकतो. दीडशेच्या दीडशे गाळायला सरकारी खात्यात असावं लागतं.

३

दुसऱ्या दिवशी तिने मोजायला भिंतीवर कोळशाच्या रेघा मारल्या. दर दहा वेढ्यांना एक रेघ. दहा रेघा झाल्या, आणखी पाच, आणि दोरा भरला. तिसऱ्या दिवशीही तेच. रत्नप्रभा सातवीपर्यंत शिकलेली, देवळात जाताना चपलांवर डोळा ठेवणारी बाई होती. तिने कारणं शोधली. नवं रेशीम जास्त पिळाचं असेल. थंडीने दोरा आखडत असेल. डोंगरावरून वारा येतो, तो पडदा हलवत असेल. वारा उजवीकडेच कसा हलवतो, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तिने पीळ दिलाच नाही. कांडी हातात धरून ती नुसती उभी राहिली. खाली कुणाच्या तरी रेडिओवर कामगारांसाठी गाणी चालली होती. पडदा स्थिर होता.

तिच्या मुठीतला दोरा फिरत होता. हळू नाही, घाईतही नाही. एक वेढा, जरा दम, एक वेढा.

कांडी कठड्यात खोचून ती धावत आत गेली. पडदा सारला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. फळीवर डबे होते, स्टोव्ह होता, मोरी होती. दोऱ्याचा फास आकड्यात होता आणि त्यावर तिने सकाळी मुद्दाम मारलेल्या सात गाठी जशाच्या तशा होत्या. फक्त आकड्याखालची फरशी ओली होती. नळ पहाटे साडेपाचला येऊन सातला जायचा. त्यानंतर मोरीत तिने पाण्याचा थेंब सांडला नव्हता.

तिने शेजारच्या मालनला बोलावलं. मालन देवगडकडची, मुंबईत वीस वर्षं काढून तिथलीच राहिलेली. तिने कमरेवर हात ठेवून आकडा पाहिला, फरशी पाहिली, मोरीत वाकून पाहिलं.

"उंदीर असतले गो," ती म्हणाली. "आमच्याकडे ते भाकरी खातत, तुझ्याकडे दोरी वळतत. माका पाठव एक."

रत्नप्रभा हसली. मग मालन गेली, आणि हसणं थांबल्यावर तिला जे कळायचं ते कळलं. जिवंत माणूस दारातून येतो. चपला काढतो, कुणी पाहिलं का ते बघतो, काहीतरी खोटं कारण सांगतो. तो आकड्यावर येत नाही. आत पीळ देणारा सहदेव असेल, तर बाहेर कुठेही सहदेव नव्हता.

त्या दिवसापासून ती दोरी बिघडायची वाट पाहू लागली. आकड्याकडचं टोक ढिलं निघावं, नंदकिशोरने ते कापावं, एवढंच तिचं मागणं होतं. प्रत्येक दोरी नितळ निघत होती. नंदकिशोर प्रत्येक दोरीची तारीफ करत होता, आणि प्रत्येक वेळी तिला ती मयताची तार आल्यासारखी वाटत होती.

४

संक्रांत जवळ आली तशी चाळीतल्या बायकांपुढे प्रश्न उभा राहिला की, रत्नप्रभेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? नवरा नाही, पण गेल्याचा निरोपही नाही. यावर तीन दुपारी चर्चा झाली. गिरण्यांच्या संपावर यापेक्षा कमी वेळ झाली असेल. शेवटी बोलवायचं ठरलं आणि निरोप घेऊन मालन आली.

दारातच ती थबकली. रत्नप्रभेचं कपाळ मोकळं होतं. गळाही.

"ह्या काय केलंस? पोलिसांचो कागद इलो?"

"नाही."

"मगे? कोणी सांगल्यान तुका?"

"मला माहीत आहे."

"तुका माहीत आसा! तो जितो असात तर? पाप लागात गो."

मालनने पुढे केलेला तिळाचा लाडू रत्नप्रभेने घेतला नाही. पडद्याकडे पाहत ती म्हणाली, "जिवंत असता तर घरात आला असता का?" या वाक्यात मालनला काहीच अर्थ लागला नाही. तिने ते चाळीत जसंच्या तसं सांगितलं आणि बायकांनी तिच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं एकमताने मान्य केलं.

सहदेवाचा धाकटा भाऊ जयवंत गावी होता. त्याला तिने पत्र लिहिलं. दोरीचं लिहिलं असतं तर गावाने तिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखवून आणायला सांगितलं असतं. म्हणून तिने लिहिलं, की हे रोज स्वप्नात येतात, पाणी मागतात, आता जे करायचं ते करा. स्वप्न हा सबळ पुरावा. रीतीप्रमाणे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. पण भटजींनी मृताने स्वतः पाणी मागितल्याचं लक्षात घेऊन सवलत दिली. दर्भाचा पुतळा केला, त्याला सहदेवाचं नाव ठेवलं, नदीकाठी जाळला, पुढचे दिवस घातले. जयवंताचं पत्र आलं, "सर्व यथासांग झाले. दादाच्या आत्म्यास शांती मिळाली असेल."

ते पत्र हातात धरून रत्नप्रभा दिवसभर बसून राहिली. आपण नवरा जाळायला पोस्टाने पाठवला, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि तिने दोरा लावला. मुठीत पहिला वेढा आला तेव्हा ती पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

५

माणूस कशालाही सरावतो. फाल्गुनात ती पडद्याकडे तोंड करून बोलू लागली.

"अहो, नंदूशेठला मोठं काम मिळालंय. चाळीस अंगरखे. अहो, मालनचा मोठा बाकी सगळ्यांत पास झाला, पण इंग्रजीत अडकलाय."

आतून शब्द येत नसे. पण ती बोलायला लागली की पीळ मंद व्हायचा, जसा ऐकणाऱ्याचा हात मंद होतो, आणि बोलणं संपलं की पुन्हा लयीत यायचा. एकदा तिने धीर करून विचारलं, "तुम्हीच ना?"

दोरा थांबला. बराच वेळ थांबला. शेजारच्या घरात कुणीतरी खल-बत्त्यात वेलची कुटत होतं, ते कुटून झालं. मग दोरा फिरला, पूर्वीपेक्षा जोरात.

याला होकार म्हणायचं की आणखी काही, हे तिला ठरवता आलं नाही. मग तिने होकार धरला. सगळे विधी होऊन गेल्यावर शंका काढून उपयोग काय होता?

एकच गोष्ट तिने मनात आणू दिली नाही. पीळ बसतो तसा दोरा आखूड होतो. आकडा भिंतीतून निघून पुढे येत नाही, त्यामुळे वळणाऱ्यालाच पुढे सरकावं लागतं. आधी काम संपेपर्यंत ती कठड्यापासून उंबऱ्यापर्यंत, तीन पावलं आत यायची. आताशा तिला पाऊल टाकावं लागत नव्हतं. पाठ कठड्याला टेकलेली असायची आणि दोरा सारखाच ताणलेला. चोवीस फुटांचा दोरा एकवीस फूट व्हायचा, वीस व्हायचा. पडद्यामागे कुणीतरी मोरीपासून पुढे येत होतं, रोज थोडं जास्त.

काम झाल्यावर ती आत जाई तेव्हा फास आकड्यातच असे, गाठी शाबूत. ओली फरशी मात्र मोरीपासून स्टोव्हपर्यंत आली होती. मग फळीपर्यंत. ती मुकाट्याने पुसून घ्यायची. सहदेवालाही पाय न पुसता घरभर फिरायची खोड होती, असं ती स्वतःला सांगायची. त्याला तसली खोड नव्हती.

६

चैत्रातली दुपार होती. अंगरख्यांची शेवटची दोरी ताणलेली होती, शंभरावर वेढे झाले होते. जिन्यावर पावलं वाजली. तिने वळून पाहिलं नाही. टपालवाला त्या वेळेला यायचा.

"रत्ना."

सहदेव गॅलरीत तिच्या बाजूला, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती, पायात कुणाच्या तरी मापाच्या चपला होत्या. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्या बंदाशी तो उगाच चाळा करत होता, शाळेला उशीर झालेल्या मुलासारखा.

"इचलकरंजीला होतो," तो म्हणाला. "मागावर. वांद्र्याचं काम झालं नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. पत्र लिहीन लिहीन म्हणत..." कारण तसं खोटंही नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं, जिवंत माणसाचं असतं तसं होतं. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. गळ्यावर आली. तो घाबरून गेला. गावी म्हातारी आई नव्हती, तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं.

"कोण गेलं गं?"

"तुम्ही," रत्नप्रभा म्हणाली.

तिच्या मुठीत दोरा फिरत होता. सहदेवाने तो पाहिला. तिचे दोन्ही हात स्थिर होते, हे पाहिलं. मग दोऱ्याच्या मागे मागे त्याची नजर उंबरा ओलांडून, बाहेरच्या खोलीतून पडद्यापर्यंत गेली.

"आत कोण आहे?"

त्याने पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन ताणलेल्या दोऱ्यावर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. एकोणीस वर्षांची सवय. तो असा पीळ वाचायचा तेव्हा मधे बोललेलं त्याला चालत नसे.

डोळे उघडले तेव्हा त्याचा रंग गेला होता.

"हा माझा हात आहे," तो हळूच म्हणाला. "रत्ना, हा माझाच हात आहे."

"जाऊ नका आत," ती म्हणाली. पण पुटपुटल्यासारखं म्हणाली, आणि कुणाच्या काळजीने म्हणाली हे तिचं तिलाही कळलं नाही.

तो चपला न काढता आत गेला. बाहेरची खोली ओलांडली. पडद्याची कड धरली आणि वीतभर बाजूला केली. तेवढ्या फटीतून रत्नप्रभेला फक्त एक हात दिसला, कोपरापासून बोटांपर्यंत ओला, कांडी धरून आपल्या उजवीकडे फिरवणारा. तो मोरीपाशी नव्हता. पडद्याला लागूनच होता.

सहदेव किती वेळ बघत राहिला कोण जाणे. मग त्याने पडदा अलगद सोडला, चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडलं गेलं की सोडतात तसा. बाहेर आला. पिशवी उचलली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. बिऱ्हाडाला जागा नाही असं ऐकून निघालेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

"काम चाललंय तुमचं," तो म्हणाला. "चालू दे."

आणि जिना उतरू लागला.

तिला ओरडायचं होतं. सहा महिने ज्याच्यासाठी तिने जिन्याकडे कान लावले, तो जिवंत, धडधाकट, पायऱ्या उतरत होता. एक हाक मारली असती तर थांबला असता. पण तेवीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. जीव एकवटून तोंडातून आलं ते रोजचंच.

"अहो!"

जिन्यावरची पावलं थांबली.

"आलो गं," उत्तर आलं. पडद्यामागून. सहदेवाच्याच आवाजात, मऊपणाने, इतके दिवस कुणी हाक मारायचीच वाट पाहत असल्यासारखं.

मग पावलं निघाली, खाली, आता भरभर. अंगणातून मालनचं ओरडणं ऐकू आलं, "अगो बाय! सहदेव! जितो असस रे? अरे, पण खंय चललंस परत? घरात जा ना!"

रत्नप्रभेला कठड्यावरून वाकून पाहायचं होतं. तिला पाठ वळवता येईना. तिच्या हातातला दोरा पीळ थांबवून हळूहळू सैल होत चालला होता, आणि पडदा मधोमध पुढे आला होता.